टर्कीची पिसे : बाणासाठी निवड आणि साठवण

(परळ येथे, मुंबईत राहून गावाकडची शेती पाहणाऱ्या शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आपले बिऱ्हाड परळ, लालबाग, दादर किंवा गिरगावात आणि शेत मात्र कोकणात, घाटावर नाहीतर पालघरकडे. परसातल्या कोंबड्यांबरोबर पाच-दहा टर्की पाळणारेही आपल्यात आहेत. नाताळच्या सुमारास दक्षिण मुंबईत या पक्ष्याला गिऱ्हाईक मिळते. मांस विकले जाते, पिसे उकिरड्यावर जातात. त्यातली पंखांची मोजकी पिसे घरी केलेल्या बाणासाठी उत्तम असतात.

बाण आता कोण करतो, असे आपण विचाराल. पालघर-नंदुरबारच्या पाड्यांवर तीरकामठा अजून घरीच होतो. शिवाय तिरंदाजी स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा गट आहे. त्यात मुले बांबूच्या धनुष्याने नेम धरतात. महागडे साहित्य न परवडणाऱ्या मुलांची सुरुवात बहुधा इथेच होते. साध्या धनुष्यावरून बाण सुटताना पीस दांड्याला घासते आणि दबून पुढे जाते. प्लास्टिकचे पाते तसे दबत नाही, ते आदळते आणि बाणाची दिशा बिघडते. म्हणून इथे पीसच हवे.

पूर्वी यासाठी गिधाडाची पिसे वापरली जात. आज गिधाडच दिसत नाही. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीच्या आकाशात एकेकाळी गिधाडे घिरट्या घालीत, तीही नाहीशी झाली. गुरांना टोचलेले डायक्लोफिनॅक मढ्यातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गिधाडाचे पीस बाळगणे हाही गुन्हा आहे. तेव्हा ‘जुने पडलेले आहे’ म्हणून कोणी आणून दिले तरी घेऊ नका. टर्की हा पाळीव पक्षी असल्याने ही अडचण येत नाही.

आता निवड. पिसे पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्याच्या पंखाच्या टोकाकडची, लांब व ताठ घ्यावीत. शेपटीची पिसे मऊ पडतात. देठ निळसर, ओला किंवा आत रक्त असलेला दिसला तर ते पीस कोवळे आहे, ते पुढे कुजते. पीस उजेडापुढे धरून पाहा. झालरीत आडव्या फटींची रेघ दिसली तर ते बाजूला टाका. खुराड्यात गळून पडलेले पीस स्वच्छ आणि अखंड असेल तर चालते, पण विष्ठेने माखलेले नको. पक्षी गरम पाण्यात बुडवण्याआधीच पंखांची पिसे पकडीने एकेक करून उपटावीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे डाव्या आणि उजव्या पंखाची पिसे उपटतानाच वेगळी बांधा. प्रत्येक पिसाला नैसर्गिक बाक असतो आणि त्या बाकामुळे बाण एका दिशेने फिरत जातो. एकाच बाणावर दोन्ही पंखांची पिसे लावली तर ती एकमेकांविरुद्ध ओढतात. बाण डोलतो आणि कुठेही जातो. मुले शेजारी उभी असताना हा धोका पत्करू नये. पिसे मिसळली असतील तर पिसाची फुगीर बाजू वर आणि टोक आपल्यापासून दूर धरा. अरुंद झालर उजव्या हाताला आली तर पीस डाव्या पंखाचे, डाव्या हाताला आली तर उजव्या पंखाचे. बाणाला बहुधा तीन पिसे लागतात. एका पंखातून नऊ चांगली पिसे निघाली तर तीन बाण होतात, म्हणजे एका पक्ष्यामागे सहा. रुंद झालरच वापरायची.

साठवणुकीत मला माझा विषय सापडला. मी कृषिविद्येचा माणूस, पण बियाण्याला जे लागू तेच पिसाला लागू. आधी पूर्ण वाळवा, मग कीड मारा, मग हवाबंद करा. देठाला चिकटलेले मांस खरवडून काढा, नाहीतर किडे तिथूनच शिरतात. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात देठ ठिसूळ होतो. नाताळची पिसे मुंबईच्या कोरड्या दिवसांतच हाती येतात, हे आपले सुदैव. जूनपूर्वी डबा बंद झाला पाहिजे, कारण पावसाळ्यात चाळीच्या खोलीत चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते.

लोकरीला लागते तीच कसर पिसालाही लागते. पिसे प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आठ-दहा दिवस फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तपमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर पिसांवर दव धरते. मग घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, कागदाच्या घड्यांत, सपाट ठेवा. सोबत सिलिका जेलची पुडी टाका. कडुनिंबाच्या पाल्यावर विसंबू नका. डांबराच्या गोळ्या घातल्या तर डबा झोपायच्या खोलीत नको. लहान मुलांना ती वाफ बाधते.

इथे एक इशारा. थंडीने कसर मरते, बर्ड फ्लूचा विषाणू मरत नाही, उलट टिकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये हा रोग देशात प्रथम आढळला तो आपल्याच नवापुरात. म्हणून मेलेल्या किंवा मलूल पक्ष्याचे एकही पीस घेऊ नका. पक्षी एकाएकी मरू लागले तर हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. येथे मुंबईत शंका विचारायची तर १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय याच परळमध्ये आहे.

दसऱ्याच्या सुमारास डबा कोरड्या दिवशी उघडून तपासा. तळाशी भुसा किंवा जाळी दिसली तर ते पीस जाळून टाका आणि उरलेली पुन्हा बर्फात ठेवा. दबलेले पीस किटलीच्या वाफेवर क्षणभर धरले की झालर फुलते. बाणाला पीस चिकटवल्यावर देठाचे पुढचे टोक तासून त्यावर दोरा गुंडाळा आणि सरस लावा. ते टोक उघडे राहिले तर बाण सुटताना धनुष्य धरलेल्या हातात घुसते.