घरात शिरली म्हणून खटला

मैत्रिणींनो, नवऱ्याने बाहेर काढलेली बाई मुलांची दप्तरं आणायला घरी जाते आणि सासरे पोलिसांत गृहअतिक्रमणाची तक्रार देतात. अशी बाई माझ्याकडे येते तेव्हा तिला तुरुंगच दिसत असतो. म्हणून आधी सांगते, हा गुन्हा जामीनपात्र आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे (पूर्वीचं ४४८). शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नुसतं आत जाणं म्हणजे गुन्हा नव्हे. गुन्हा करण्याचा किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमानाचा, त्रास देण्याचा इरादा सरकारी पक्षाने सिद्ध करायचा असतो. सासऱ्यांना राग आला, एवढं पुरत नाही. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामाईक घरात राहण्याचा हक्क दिलाय. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो मिळू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या आहुजा निकालात स्पष्ट केलं.

बरेच खटले तडजोडीत मिटतात. ताबेदाराला ती करता येते, आणि आरोपी निर्दोष सुटते. पण तारखांना कंटाळलेल्या बाईला ‘कबूल करा, दंड भरा, सुटा’ हा सल्ला कोर्टाच्या दारात फुकट मिळतो. कबुली दिली की दोषी ठरल्याची नोंद होते, आणि पोटगीच्या अर्जात समोरचा वकील तीच नाचवतो.

तडजोडीचा कागदही पूर्ण वाचा. ‘घरावर माझा हक्क नाही’ ही ओळ त्यात हळूच घुसडलेली असते. ती खोडायला लावा. नाही खोडली, तर सही न करता पुढची तारीख घ्या.