कोळसा, कोळसे आणि इंग्रजीतले उपपद

बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या खाणींचे गाव. येथे व्याकरणावर बोलायचे तर उदाहरणही कोळशाचेच घेतो.

मराठीत खाणीतून 'कोळसा' निघतो आणि शेगडीत 'कोळसे' घालतात. तेलुगूतही 'बोग्गु' आणि 'बोग्गुलु' आहेत. इंग्रजीत 'कोल' हा पदार्थ अगणनीय, पण एखादा जळता निखारा 'अ कोल' होऊ शकतो. वस्तू तीच, ती मोजायची की नाही, हे भाषा ठरवते.

वर्गात मात्र आपण सांगतो, जे मोजता येत नाही त्याला 'अ' लावू नका. विद्यार्थी तर पैसे रोज मोजतो, आणि इंग्रजीत 'मनी' अगणनीय! सल्ले अनेक मिळतात, बातम्या रोज येतात. म्हणून तो नोकरीच्या अर्जात 'ॲन ॲडव्हाइस' लिहितो आणि तेवढ्यावरून कच्चा ठरतो. त्याचा तर्क मराठीप्रमाणे बिनचूक असतो. याला 'मातृभाषेचा अडथळा' म्हणणे मला मुळीच मान्य नाही.

उलट, वाट तिथूनच जाते. तेलुगूत पाणी 'नीळ्ळु' आणि दूध 'पालु', दोन्ही अनेकवचनी. मराठीत दोन्ही एकवचनी. मराठीतच तांदूळ 'निवडले' जातात, ज्वारी 'निवडली' जाते. आपल्या भागात एकाच बाकावर दोन्ही भाषांची मुले बसतात. हे शब्द फळ्यावर शेजारी मांडा. इंग्रजी कोणासारखी, हा प्रश्न मुलेच विचारतील.

अगणनीय नामाला उपपदच नसते, हाही एक गैरसमज. कोळसा काळा असतो, एवढेच सांगायचे तर 'कोल' एकटा उभा राहतो. काल या खाणीतून निघालेला कोळसा म्हणायचे असेल, तर 'द कोल'. मराठीत हे काम 'तो', 'हा' किंवा नुसता संदर्भ करतो. 'अ टन ऑफ कोल' मधला 'अ' टनाचा आहे, कोळशाचा नव्हे. हॉटेलात आपण 'एक चहा' मागतो तेव्हा 'कप' हा शब्द गिळलेला असतो. इंग्रजही तसाच 'अ कॉफी' मागतो.

शिक्षकमित्रांना एक सुचवतो. पहिल्या तासाला पुस्तक उघडू नका. आठवडी बाजाराची यादी मुलांकडून लिहून घ्या: काय नगावर मिळते, काय किलोवर, काय जुडीने. कांदे किलोवर मिळतात, तरी इंग्रजीत ते गणनीय. असे का, हे मुलांनाच शोधू द्या.