गाडीच्या पोटाखालचा गंज
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कपाशीच्या भावावर बोलायला आज बरेच वक्ते आहेत. आम्ही गंजावर बोलणार आहोत. हसू नका, विषय हिशेबाचाच आहे. पिकाचा उत्पादन खर्च मांडताना औजारांचा घसारा धरावा लागतो. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अ-१ खर्चातही तो धरलेला असतो. पुरेसा धरतात का, ते भांडण आपण वेगळे भांडू. पण दारात उभी असलेली ट्रॉली, पिकअप, जुनी जीप खालून कुजते आहे, आणि ते नुकसान आपल्यापैकी कोणाच्याच वहीत लिहिलेले नसते.

आपल्याकडे पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटर, आठ महिने हवा कोरडी, मग गंज येतो कुठून? कोकणातल्या लोखंडापेक्षा आपले लोखंड सुखी आहे, हे खरे. मात्र आपल्याकडे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, काळी माती. ही माती ओल सोडत नाही म्हणून आपली ज्वारी रब्बीत विनापाण्याची येते. तीच माती मडगार्डच्या आत, चासीच्या कोपऱ्यांत चिकटून बसली की पाऊस उघडल्यावरही लोखंडाला ओले फडके गुंडाळून ठेवल्यासारखे होते. वरचा पत्रा उन्हात चकचकीत वाळलेला आणि खालचा आठ-आठ दिवस ओला. गंजायला लोखंड, पाणी आणि हवा एवढेच लागते. त्यात क्षार मिसळला की काम झपाट्याने होते.

दुसरी गोष्ट हा क्षारच. तो आपण स्वतः पोत्याने वाहून आणतो. म्युरेट ऑफ पोटॅशच्या पोत्यात जवळजवळ निम्मे वजन क्लोराईडचे असते. समुद्राच्या मिठात लोखंडाचा जो वैरी, तोच हा. युरिया पावसाळी हवेतले पाणी ओढून घेतो आणि पाझरतो. पोते फाटते, दाणे फळ्यांच्या आणि पत्र्याच्या सांध्यांत जातात, वर पावसाची सर येते. म्हणून ट्रॉलीचा पत्रा मधे शाबूत आणि सांध्यापाशी चाळणी झालेला दिसतो. खत वाहिले की त्याच दिवशी ट्रॉली आधी कोरडी झाडा, मग भरपूर पाण्याने धुवा. खालूनसुद्धा. याला पैसा लागत नाही, आणि आमच्या मते निम्मे काम यातच आहे. बोअरचे पाणी खारे असेल तर शेवटची बादली तरी गोड्या पाण्याची घ्या.

दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे अंगावर एक पातळ घट्ट थर धरला आणि त्याने पुढचा गंज अडवला, असे त्यांनी दाखवले. दिल्लीची कोरडी हवाही कामी आली. दुकानात फॉस्फरिक आम्लाचे गंज काढायचे औषध मिळते, त्याची तऱ्हा थोडी तशीच आहे: उरलेल्या गंजाचा फॉस्फेट होतो आणि रंगाला धरायला जागा मिळते.

आता प्रत्यक्ष काम. आखाजी झाल्यापासून मृग लागेपर्यंतचे दिवस यासाठी उत्तम, लोखंड हाडापर्यंत वाळलेले असते. पण भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. तापलेल्या लोखंडावर रंग फोडासारखा उठतो. सकाळी लवकर रंगवा, सावलीत.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती सगळ्यांत मोठी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. चासीखाली लोखंडी घोडे किंवा जाड लाकडी ओंडके द्या, उरलेल्या चाकांना मागेपुढे अटकण लावा. विटा नकोत, वीट न सांगता फुटते. हायड्रॉलिक ट्रॉली उचलून खाली काम करायचे असेल तर मजबूत टेका दिल्याशिवाय डोके आत घालू नका. सील गेले की ट्रॉली क्षणात खाली येते. ट्रॉली पुन्हा बांधता येईल.

उताणे पडून गंज खरवडताना तो डोळ्यांत पडतो, म्हणून चष्मा आणि तोंडाला फडके. माती धुऊन दोन दिवस वाळवा. पोपडे पत्रीने काढा, मग तारेचा ब्रश मारा. जिथे पत्रा फुगलेला आहे तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणून फुगवटा दिसला की आत पत्रा उरलेला नसण्याची शक्यता मोठी. टोच आरपार गेली तर आधी वेल्डिंग, आणि वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढा, डिझेलची टाकी लांब करा. डिझेलने पुसू नका, त्यावर रंग धरत नाही, थिनरने पुसा. मग रेड ऑक्साईड प्रायमरचे दोन पातळ हात, वाळल्यावर काळा चासी पेंट, आणि ऐपत असेल तर वर रबरी अंडरकोट. काही जुने कारागीर अजून शेंदराचा प्रायमर चांगला म्हणतात. चांगला होता, पण शेंदूर म्हणजे शिसे, आणि अंगणात पोरे खेळतात.

ब्रेकचे ड्रम, रबरी नळ्या, सायलेन्सर, ग्रीसचे निप्पल यांवर काही लावायचे नाही. दाराखालच्या आणि चासीच्या पेटीला खाली बारीक भोके असतात, ती पाणी निघण्यासाठी असतात. आपले लोक ती चोख बुजवतात! मग पाणी आत साठून पेटी आतून सडते. पेटीच्या आत ब्रश पोचत नाही, तिथे मेणाचे किंवा ग्रीससारखे तेलकट लेपण भोकातून फवारावे.

गंजावरच डांबर फासायची पद्धत आपल्याकडे फार आहे. डांबर वर्षा-दोन वर्षांत कडक होऊन तडकते, फटीतून पाणी आत जाते आणि बाहेर येत नाही. वरून काळे कुळकुळीत, आत भुसा. जळालेले इंजिन ऑईल तर लावूच नका. ते रबर खराब करते, कातडीला घातक असते, आणि पहिल्या पावसात ठिबकून आपल्याच जमिनीत, आपल्याच विहिरीकडे जाते.

दर पावसाळ्याआधी ब्रेकच्या लोखंडी नळीवरून मात्र बोट फिरवून बघा. खडबड लागली, खड्डे लागले तर नळी बदलून घ्या, रंगवू नका. कन्नडचा घाट किंवा लळिंगचा उतार भरल्या गाडीने उतरताना त्या नळीवर सगळ्यात जास्त दाब असतो, आणि ती फुटते तेव्हा त्याच वेळी फुटते.

जुनी गाडी घ्यायला मुंबईला किंवा समुद्राकाठच्या गावांना जाणारे बरेच जण इथे आहेत. भाव उतरलेला दिसतो, रंग नवा दिसतो. तिथली गाडी खाऱ्या हवेत उभी राहिलेली असते. बॅटरी आणि स्क्रूड्रायव्हर बरोबर न्या, खाली आडवे व्हा, स्प्रिंगच्या हँगरपाशी आणि दाराखालच्या पेटीला टोचून बघा. खालून ताजे काळे लेपण दिसले आणि विकणारा टोचू देत नसेल, तर तिथूनच परतीची एसटी पकडा.