शेजघर, फडताळ आणि भिंतीतला स्क्रू

(मंडळाच्या 'माझी खोली' या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझ्याआधी बोललेल्यांनी अभ्यासाची खोली, स्वयंपाकघर, आजोळची माडी असे सगळे चांगले चांगले विषय घेऊन टाकले. माझ्या वाट्याला उरली बेडरूम. घाबरू नका, मुलांना बाहेर पाठवायची गरज नाही! मी पडलो कॉम्प्युटरवाला, तेव्हा फक्त तिथल्या हार्डवेअरबद्दल बोलणार आहे.

बेडरूमला मराठीत छान शब्द आहे, शेजघर. पण आमच्या सांगलीच्या घरात तो मी कधी ऐकला नाही, कारण तशी खोलीच नव्हती. रात्री माजघरात ओळीने गाद्या पडायच्या, सकाळी त्यांच्या वळकट्या होऊन कोपऱ्यात जायच्या आणि तासाभरात त्याच जागी जेवणाचे पाट यायचे. एकाच खोलीत तीन शिफ्ट! शेजघर असतं ते देवाला. पंढरपूरच्या विठोबाला आहे. पण आषाढी-कार्तिकीला त्याचाही पलंग काढून ठेवतात. वारकऱ्यांना दर्शन देत देव रात्रंदिवस उभा असतो आणि प्रक्षाळपूजा झाल्यावरच त्याची झोप पुन्हा सुरू होते. पाहुणे आले की यजमानाची कॉट गेली, हा आपल्याकडचा नियम देवालाही चुकलेला नाही.

इथे मेलबर्नला घर मोजतात तेच बेडरूमच्या आकड्यात. आमचं भाड्याचं घर तीन बेडरूमचं. आमच्या खोलीत मध्यभागी क्वीन साइजचा पलंग आहे, १५३ सेंटिमीटर रुंद आणि २०३ लांब. नाव राणीचं, पण त्यावर राज्य चार वर्षांच्या चिरंजीवांचं. ते आडवे झोपतात आणि आम्ही दोघं दोन कडांना लोंबकळत असतो. अंगावर डूना. बाकीचं इंग्रजी जग ज्याला डूव्हे म्हणतं, त्याला इथे डूना म्हणतात. त्याच्याखाली आईने दिलेली सोलापुरी चादर, कारण डूना उबदार असला तरी त्याला वजन नाही, आणि अंगावर थोडं वजन पडल्याशिवाय मला झोप लागत नाही.

खिडकी उत्तरेला. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे जुलैच्या थंडीत ऊन थेट पलंगावर येतं. पलंग ठेवायला खोलीतली हीच जागा सगळ्यात चांगली. पण आई आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "उत्तरेला डोकं करून झोपता?" आम्ही उशा दुसऱ्या टोकाला नेल्या. आता उन्हात पाय असतात आणि आई खूश आहे.

भिंतीत कपड्यांचं कपाट आहे. घरांच्या जाहिरातीत त्याला 'बीआयआर' लिहितात, म्हणजे बिल्ट-इन रोब. मला ते पाहून एकदम आमचं फडताळ आठवलं. जाड भिंतीत कोरलेलं, दोन लाकडी दारांचं. शेजारी दिव्याचा कोनाडा आणि सदऱ्यासाठी खुंटी. आपल्या जुन्या घरात बहुतेक सामान एकतर जमिनीवर असायचं नाहीतर भिंतीच्या पोटात. पुढे गोदरेजचं कपाट आलं. गोदरेजने पोलादी कपाटं करायला सुरुवात केली १९२३ मध्ये, आणि ते धूड हलवायचं तर शेजारच्या चार जणांना हाक मारावी लागायची.

आणि आता मुख्य मुद्द्यावर येतो. आमच्या बेडरूममध्ये एक सहा ड्रॉवरचं उंच कपाट आहे. त्याला इथे टॉलबॉय म्हणतात. "टॉलबॉय शनिवारी घरी येणार," असं बायको म्हणाली, तेव्हा आईने विचारलं होतं, "कोण ग हा? जेवायला थांबणार का?" तर हा उंच मुलगा दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचा आहे, वजनाला हलका, मऊ कार्पेटवर उभा आणि मागून कशालाच धरलेला नाही. वरच्या फळीवर आपण गाडी, अस्वल, बिस्किटांचा डबा ठेवतो. चार वर्षांच्या मुलाला ते ड्रॉवर दिसतच नाहीत, त्याला जिना दिसतो. दोन-तीन ड्रॉवर बाहेर ओढले आणि वर पाय ठेवला की सगळा भार पुढे येतो आणि कपाट मुलासकट खाली.

ही नुसती भीती नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाच्या नोंदींनुसार २००० सालापासून अंगावर फर्निचर पडून किमान २८ माणसं दगावली, त्यातली १७ पाच वर्षांखालची मुलं होती. म्हणूनच ४ मे २०२५ पासून इथे असं फर्निचर विकताना त्यावर धोक्याची सूचना लावणं सक्तीचं झालं आहे. पण मंडळी, नियम सूचना देतो, स्क्रू मारत नाही! आणि त्याआधी घेतलेल्या किंवा कोणी देश सोडताना आपल्याला देऊन गेलेल्या कपाटावर तर ती सूचनाही बहुधा नसेल.

आमच्याकडे टॉलबॉय आला त्याच संध्याकाळी तो भिंतीला बांधला. काम अर्ध्या तासाचं. इथल्या भिंती बहुधा प्लास्टरबोर्डच्या, आतून पोकळ. नुसत्या बोर्डात मारलेला स्क्रू ओढ बसली की निघून येतो. आतला लाकडी खांब, म्हणजे स्टड शोधायचा आणि त्यात स्क्रू मारायचा. जड कपडे खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे. आणि मुलाला हवंसं वाटेल असं काहीही वर ठेवायचं नाही, कारण वर अस्वल दिसलं की गिर्यारोहण आलंच.

तुम्ही म्हणाल, भाड्याच्या घरात भोक कसं पाडायचं? व्हिक्टोरियात २९ मार्च २०२१ पासून फर्निचर बांधण्यासाठी भिंतीला अँकर लावायला घरमालकाची परवानगी लागत नाही. उघडी विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर मात्र विचारावं लागतं. घर सोडताना भोक बुजवून द्यायचं. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, तिथे एजंटला लेखी विचारा.

गेल्या महिन्यात चिरंजीव दुसऱ्या ड्रॉवरवर उभे राहून तिसऱ्याकडे हात नेत होते. कपाट जागचं हललं नाही. आजीने उचलून खाली ठेवलं, पाठीत एक हलका धपाटा दिला आणि मला म्हणाली, "आमच्या वळकटीवरून पडलेलं पोर कधी दवाखान्यात न्यावं लागलं नाही रे." खरं आहे. तिथे पडायला उंचीच नव्हती. इथे उंची आहे, तर आधारही आपणच द्यायला हवा.

दिवाळीची साफसफाई आता सुरू होईलच. कपाटं पुढे ओढून मागचं झाडाल, तेव्हा हातात झाडूबरोबर स्क्रूड्रायव्हरही असू द्या. आकाशकंदील त्यानंतर लावा.

दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.