फाटकाआडचे गिऱ्हाईक : व्हाइटफील्डमधील कार्पेटचा धंदा

बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधले बहुतेक कार्पेट कचेऱ्यांच्या जमिनीवर अंथरलेले आहे. घरांत व्हिट्रिफाइड टाइलची किंवा ग्रॅनाइटची फरशी असते. सोफ्यापुढे एखादा गालिचा, पूजेच्या खोलीत सतरंजी, क्वचित एखाद्या व्हिलात होम थिएटरसाठी भिंतीपासून भिंतीपर्यंतचे कार्पेट, एवढाच घरातला व्यवहार. त्यामुळे कार्पेट धुण्याचा आणि बसवण्याचा धंदा येथे थाटणाऱ्याला एकाच पाटीखाली दोन वेगळे धंदे चालवावे लागतात. घरचे गिऱ्हाईक लहान असते, पण वरचेवर येते. कचेरीचे गिऱ्हाईक मोठे, पण ते सहजासहजी हाती लागत नाही. दोघांत साम्य एकच. दोघेही रस्त्यावरून जाताना पाटी वाचून आत येणारे नाहीत. दोघेही फाटकाआड राहतात.

हे असे का झाले, ते या भागाच्या घडणीत आहे. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वोडेयार यांनी १८८२ साली युरेशियन आणि अँग्लो-इंडियन असोसिएशनला येथे ३,९०० एकर जमीन दिली आणि संघटनेचे डी. एस. व्हाइट यांचे नाव वसाहतीला लागले. त्या जुन्या वसाहतीतली इनर सर्कल आणि आउटर सर्कल ही नावे अजून चालू आहेत. पुढची शंभर वर्षे हे संथ गाव होते. १९९४ साली भारत-सिंगापूर भागीदारीतून इंटरनॅशनल टेक पार्कची योजना आकाराला आली आणि त्यानंतर हगदूर, नल्लूरहळ्ळी, कुंडलहळ्ळी, वर्तूर अशी खेडी संकुलांनी वेढली गेली. एकट्या प्रेस्टिज शांतिनिकेतनमध्ये तीन हजारांच्या आसपास सदनिका आहेत. मार्च २०२३ मध्ये कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड अशी मेट्रो सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ती शहराच्या मार्गाला जोडली गेली. म्हणजे येथे बाजारपेठेचा रस्ता आधी आणि वस्ती मागून, असे झालेच नाही. कुंपणे आधी उभी राहिली. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर दुकान मांडून जे साधते, ते येथे मुख्य रस्त्यावर चढे भाडे भरूनही साधत नाही.

घरच्या गिऱ्हाइकाकडे जाण्याच्या वाटेवर पहिला माणूस भेटतो तो वॉचमन. फाटकावरच्या अ‍ॅपमध्ये रहिवाशाने होकार दिल्याशिवाय यंत्राची ट्रॉली आत जात नाही. जाहिरातीचे कागद वाटणाऱ्याला तर बाहेरच थांबवतात, आणि ते योग्यही आहे. आत शिरण्याचा खरा परवाना म्हणजे आतल्याच कोणीतरी दिलेली शिफारस. संकुलाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ‘सोफा कोणाकडून धुऊन घेतला?’ हा प्रश्न पडतो आणि त्याखाली जी दोन-तीन नावे येतात, त्यांतच काम वाटले जाते. अशा गटात धंदेवाल्याने स्वतः शिरून जाहिरात टाकणे हा नाव घालवण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. नाव गिऱ्हाइकाने घ्यायचे असते. त्याला ते घेणे सोपे जावे एवढीच तजवीज धंदेवाल्याच्या हाती असते. काम संपल्यावर स्पष्ट दर, केलेल्या कामाचे आधीचे व नंतरचे छायाचित्र आणि फोन नंबर एकाच संदेशात पाठवला, की तो संदेश गटात पुढे ढकलायला कोणालाही कष्ट पडत नाहीत.

प्रश्न सोफ्याचा असतो, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कार्पेट धुणाऱ्याच्या फोनवर घरांतून येणारी बरीच मागणी सोफा, गादी आणि जेवणाच्या खुर्च्या यांची असते. पाटीवर नुसते ‘कार्पेट’ लिहिणारा निम्मे गिऱ्हाईक दारातून परत पाठवतो. सोफ्यासाठी घरात शिरलेल्या कारागिराची नजर गालिच्याकडे जातेच. त्या वेळी त्याने काय सांगावे, यावर पुढचे सारे ठरते. हाताने विणलेला काश्मिरी किंवा भदोहीचा लोकरी गालिचा फ्लॅटमध्ये यंत्राने भिजवायचा नसतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळून रंग सुटतो का ते आधी पाहायचे, लोकरीला तीव्र अल्कली साबण लावायचा नाही आणि रंग सुटत असेल तर गालिचा आपल्या आवारात नेऊन सावकाश धुवायचा. ‘हे काम येथे करू नये’ असे सांगणारा कारागीर त्या दिवशीचे पैसे गमावतो, पण त्याचा फोन नंबर त्या घरात जपून ठेवला जातो. अशा नकाराने जेवढे गिऱ्हाईक टिकते, तेवढे सवलतीने टिकत नाही.

येण्याच्या वेळाही ठरलेल्या असतात. दसरा-दिवाळी आणि उगादीपूर्वीची साफसफाई सर्वांना ठाऊक आहे. व्हाइटफील्डमध्ये त्याहून भरवशाचा हंगाम भाडेकरू बदलण्याचा. नोकरदारांची ये-जा येथे अखंड चालते, भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचे असतात, शाळा संपल्यावर उन्हाळ्यात घरे मोठ्या संख्येने रिकामी होतात आणि डिपॉझिटमधून रंगकामाचे व सफाईचे पैसे कापून घेण्याची बंगळुरूत जुनी रीत आहे. त्यामुळे जाणाऱ्या भाडेकरूला, येणाऱ्याला आणि मालकाला, तिघांनाही त्याच आठवड्यात सफाई हवी असते. घरांचे दलाल आणि सामान हलवणारे पॅकर्स यांना ही तारीख सर्वांआधी कळते. त्यांच्याशी असलेली ओळख जाहिरातीवरच्या खर्चाहून स्वस्त पडते.

तिसरी संधी संकुलाच्या क्लबहाउसची. गणेशोत्सव, दुर्गापूजा, ओणम असे सगळे सण एकाच सभागृहात होतात आणि तेथल्या कार्पेटवर प्रसादापासून पायसमपर्यंत सर्व काही सांडते. ते धुण्याचे काम कमी नफ्यात घेणे शहाणपणाचे असते, कारण ती जागा सर्व रहिवासी पाहतात आणि व्यवस्थापक समितीच्या यादीत नाव चढते. यादीत नाव आले, की एका संकुलाचा एक दिवस ठरवता येतो : शनिवारी अमुक इमारत, घरोघर दर तोच, यंत्र एकदाच आत. वर्तूर रस्त्यावरच्या गर्दीत दोन गिऱ्हाइकांमधले अंतर कापण्यात अर्धा दिवस जातो. एकाच इमारतीतली चार घरे दुपारपर्यंत उरकतात. दूरच्या जयनगरहून आलेली एखादी चांगली मागणी सोडून देण्याचे धैर्य यातूनच येते.

पाण्याचा प्रश्न येथे धंद्याच्या पद्धतीवरच येतो. व्हाइटफील्डमध्ये बोअरचे आणि टँकरचे पाणी सवयीचे झाले होते. मार्च २०२४ च्या टंचाईत बंगळुरूच्या जल मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुणे, बागा, कारंजी अशा कामांना वापरण्यास बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात शहरात सामील झालेल्या ११० गावांसाठी कावेरी पुरवठ्याचा पाचवा टप्पा, रोज ७७५ दशलक्ष लिटरचा, सुरू झाला. तरी रहिवाशांची काटकसरीची सवय गेली नाही आणि जाऊही नये. यंत्र किती लिटर घेते हे आधीच सांगणाऱ्याला समिती लवकर परवानगी देते. शिवाय बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही; उरलेला चिकट थर धूळ धरतो आणि ‘महिन्यात पुन्हा काळे पडले’ अशी तक्रार येते. मऊ केलेले पाणी सोबत नेणे म्हणूनच गिऱ्हाईक टिकवण्याचा भाग ठरते. पावसाळ्यात कार्पेट रात्रभर ओले राहिले तर कुबट वास येतो. त्या दिवसांत कमी पाण्याची पद्धत बरी पडते : रसायन मळाभोवती सुकून त्याचे कण होतात आणि ते व्हॅक्युमने ओढून घेता येतात.

नकाशावरचा शोध हे दुसरे फाटक. गूगल स्वतःच सांगते, की जवळपासच्या शोधात तीन गोष्टी पाहिल्या जातात : मागणीशी मेळ, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर बदलता येत नाही, प्रसिद्धीला वेळ लागतो. मेळ मात्र त्याच दिवशी सुधारता येतो. दुकान नसलेल्याला पत्ता लपवून फक्त सेवेचे भाग दाखवता येतात. तेथे ‘बंगळुरू’ एवढेच न लिहिता ५६००६६, ५६००६७, ५६००८७ या पिन कोडांचे भाग नोंदवलेले बरे. अभिप्रायात इमारतीचे नाव आणि कामाचा प्रकार आला, तर शेजारच्या इमारतीतला माणूस तो वाचून फोन करतो. मध्यस्थ संकेतस्थळांकडून विकत मिळणारी चौकशी अनेकदा एकाच वेळी चार जणांना गेलेली असते आणि तेथे फक्त दर पाडण्याची स्पर्धा उरते. सुरुवातीला ती घ्यावी, सवय लावून घेऊ नये.

भाषेचा मुद्दा थोडक्यात उरकतो. कर्नाटकात २०२४ च्या कायद्याप्रमाणे पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो. फोन हिंदी-इंग्रजीत येतो, फाटकावर कन्नड लागते, आणि कारागिरांच्या टोळीत एकाला तरी चांगले कन्नड येणे हा सोयीचा नव्हे, गरजेचा भाग आहे.

कचेरीचे काम वेगळ्याच दारातून येते. तेथे कार्पेट पाहणारा आणि पैसे देणारा एक नसतो. इमारतीचा फॅसिलिटी मॅनेजर, त्याने नेमलेली हाउसकीपिंग कंपनी आणि खरेदी विभाग असे तीन टप्पे पार करावे लागतात. लहान धंद्याने थेट बहुराष्ट्रीय कंपनीकडे जाण्याऐवजी हाउसकीपिंग कंपनीचा कार्पेटपुरता पोटठेकेदार व्हावे, हे अधिक व्यवहार्य. रोजचा केर काढणाऱ्यांकडे गरम पाण्याने मळ ओढणारी यंत्रे बहुधा नसतात. एका फाटकातल्या कामावरून दुसऱ्या फाटकात कसे जाता येते, याचे मराठी उदाहरण मोठे आहे : हणमंतराव गायकवाड यांनी १९९७ साली आठ माणसांनिशी पुण्यातील टेल्कोच्या इंडिका प्रकल्पात सफाईचे काम घेतले आणि पुढे त्यांचा भारत विकास ग्रुप संसद भवनाच्या सफाईपर्यंत पोहोचला. कार्पेटवाल्याला एवढी उडी मारायची नसली, तरी नमुना तोच आहे. पँट्रीजवळचा चहा-कॉफीने सर्वांत काळवंडलेला एक चौकोन शुक्रवारी संध्याकाळी धुऊन दाखवावा. सोमवारी कर्मचारीच तो फरक बोलून दाखवतात. उरलेले काम शुक्रवार रात्र ते रविवार या वेळेत करावे लागते, आणि ज्याची माणसे शनिवारी यायला तयार नाहीत त्याने कचेऱ्यांच्या वाटेला जाऊ नये.

बसवण्याचे काम कार्पेट टाइलचे. हा चौकोन साधारण ५० सेंटिमीटरचा असतो. १०,००० चौरस फुटांच्या कचेरीला सुमारे ३,७०० चौकोन लागतात. कापण्यातली नासधूस धरून पाच टक्के जास्त मागवतात. खाली वायरींसाठी ६० सेंटिमीटरच्या पाट्यांची उंच जमीन असेल, तर टाइलचे सांधे त्या पाट्यांच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नसतात, आणि चिकटवायला सहज सुटणारा गोंद लागतो. हे काम मिळते ते इंटिरियर ठेकेदार आणि आर्किटेक्ट यांच्याकडून. नव्या कचेरीची जागा भाड्याने गेल्याची बातमी त्यांच्याकडे महिनोन्‌महिने आधी असते. ठेकेदाराला हवा असतो तो तारीख पाळणारा माणूस. कोटेशनमध्ये थोडा जास्त दर असला तरी तो चालवून घेतो.

बसवणे आणि धुणे यांची सांधेजोड येथे होते. काम संपताना एकाच रंगाच्या घाण्यातले जादा चौकोन खोक्यात घालून कचेरीत ठेवावेत आणि कोणता चौकोन कुठे बसला याचा आराखडा द्यावा. पुढे पँट्रीसमोरचा चौकोन खराब झाला की तो बदलायला याच माणसाला बोलावतात, आणि त्या खेपेतूनच वर्षाच्या देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, निघतो. ठरावीक काळाने गरम पाण्याने सफाई झाली पाहिजे, अशी अट अनेक उत्पादकांच्या वॉरंटीत असते. ती फॅसिलिटी मॅनेजरला दाखवली, की करार पटवणे सोपे जाते.

कागदपत्रे मात्र आधी तयार हवीत. सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण कचेरीच्या विक्रेता यादीत तिच्याशिवाय सहसा नाव चढत नाही. दहा माणसांपासून ईएसआय आणि वीसपासून भविष्य निर्वाह निधी लागू होतो, आणि मोठा ठेकेदार दोन्हींचे पुरावे मागतो. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि तिचा उपयोग वसुलीत होतो : लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने, मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत न दिलेली रक्कम प्राप्तिकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवण्यास मनाई केली. तेव्हापासून मार्च महिन्यात थकलेल्या बिलाची आठवण ठेकेदाराचा हिशेबनीसच करून देतो.