बंदरावरचे आठ तास



आपण विदर्भातले लोक समुद्रापासून फार दूर. नागपूरहून मुंबई गाठायची म्हणजे रेल्वेने आठशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडावे लागते. तेव्हा जहाज बंदराला लागल्यावर उतारूने काय पाहावे, हा विषय नागपूरच्या माणसाने कशाला काढला, असे तुम्हांला वाटेल. पण दिवस बदलले आहेत. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही प्रवासी बोट निघाली. २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सहलीच्या फेऱ्या करणारे मोठे जहाजही आले. गावचे सेवानिवृत्त गुरुजी गट करून अशा सफरीला निघतात. कुणाचा मुलगा अमेरिकेत असतो, तो आईवडिलांना कॅरिबियन समुद्रातल्या बेटांची सैर घडवून आणतो. आयुष्यात एकदाच निघायचे, साठवलेला पैसा खर्च करायचा, आणि हाती काय लागायचे ते बंदरावरच्या आठ तासांत. म्हणून हे आठ तास कसे घालवावे याचा विचार आधी केलेला बरा.

अशा सफरीची रीत साधारण अशी असते. जहाज रात्रभर चालते आणि सकाळी एका बंदराला लागते. संध्याकाळी ते सुटते. मधल्या वेळात उतारूंनी गाव पाहायचे. त्यासाठी जहाजावर सहलींची यादी मिळते. अमुक किल्ला, तमुक धबधबा, देऊळ, बाजार, आणि प्रत्येकापुढे पैसे लिहिलेले. यादी वाचली की माणूस गांगरतो, आणि बहुधा ज्या सहलीत सर्वांत जास्त ठिकाणे असतील तीच निवडतो. पैसे वसूल झाले पाहिजेत ना!

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सांगतो.

माझे वडील वैनगंगेकाठच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. तेहतीस वर्षे त्यांनी भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने चंद्र काढायचा, पृथ्वी काढायची, आणि भरती-ओहोटी समजावून सांगायची. समुद्र मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. काही वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत पौर्णिमेच्या सुमारास, मी त्यांना मुंबईहून बोटीने गोव्याला नेले. सकाळी नऊला बोट मुरगावच्या धक्क्याला लागली. संध्याकाळी सहाला ती सुटणार होती. मी सहा ठिकाणांची सहल घेतली. दोना पावला, मिरामारचा किनारा, पणजीचा बाजार, जुन्या गोव्याची मोठी चर्च, मंगेशी, आणि शेवटी काजूचे दुकान. प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटे. वडिलांचे गुडघे दुखत होते. चौथ्या ठिकाणी ते गाडीतून उतरलेच नाहीत. संध्याकाळी डेकवर बसलो तेव्हा मी विचारले, “बाबा, कसं वाटलं?” ते म्हणाले, “पाह्यलं पुष्कळ रे. पण ओहोटी लागताना पाह्याची होती, ते राहूनच गेलं.”

मी चपापलो. ओहोटी पाहायला गाडी लागत नाही, तिकीट लागत नाही. त्या दिवशी दुपारभर पाणी उतरतच होते. किनाऱ्यावर एका जागी स्वस्थ बसले असते तरी काम झाले असते. दोष ना बोटीचा होता, ना गाडीवाल्याचा. यादी माझ्या हातात होती आणि निवड माझी होती. वडिलांना काय पाहायचे आहे, एवढे एक मी विचारले नव्हते.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की यादी पाहण्याआधी माणसाला विचारावे. आणि दुसरी गोष्ट, घड्याळाला विचारावे.

घड्याळाचा हिशेब सोपा आहे. जहाज सकाळी नऊला लागले आणि सहाला सुटणार म्हणजे नऊ तास मिळाले, असे समजू नये. धक्क्याला लागल्यावर कागदपत्रे होऊन खाली उतरायला तास जातो. सुटण्याच्या आधी तासभर परत यावे लागते. राहिले सात तास. त्यांतून जेवणाचा एक काढा. उरलेल्या सहा तासांत जाण्यायेण्याचा प्रवास दोन तासांहून अधिक नसावा, हा माझा ठोकताळा. प्रवास तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला की सहल खिडकीतूनच होते.

उदाहरणार्थ दूधसागर. धबधबा थोर आहे, तीनशे मीटरांहून उंच आहे. पण तो सह्याद्रीच्या कुशीत. मुरगावहून आधी कुळ्यापर्यंत जायचे, तिथून जीपने रानातून, आणि पुन्हा तेच उलट. गोव्यात मुक्काम असेल तर जरूर जावे, बंदरावरच्या एका दिवसात जाऊ नये. त्यापेक्षा मंगेशी घ्या. वास्कोहून पणजीकडे निघाले की झुआरीच्या पुलाच्या अलीकडे कुठ्ठाळी हे गाव लागते. मंगेशाचे मूळ स्थान हेच, जुने नाव कुशस्थळी. पोर्तुगीज अमलात देवळांवर संकट आले तेव्हा १५६० साली भक्तांनी लिंग नदीपलीकडे प्रियोळ भागात नेले. एवढे माहीत असले की कुठ्ठाळीपाशी माणूस खिडकीबाहेर पाहतो, पूल ओलांडताना नदीचा रुंद पट्टा पाहतो, आणि देवळात पोहोचल्यावर त्या वाटेचे मोल त्याला कळते. वीस मिनिटांत दर्शन होईल, पण ही गोष्ट वीस मिनिटांत मनात उतरत नाही. परतीच्या वाटेवर जुन्या गोव्यातले एखादे चर्चही नीट पाहून होते. एका दिवसाला तेवढे पुरे.

कोचीचेही तसेच आहे. तिथे पुष्कळांचा ओढा आलप्पुळच्या खाड्यांतल्या होड्यांकडे असतो. पण ते पन्नास किलोमीटरांहून दूर पडते. जहाज लागते ते विलिंग्डन बेटाला. हे बेटच पाहण्यासारखे आहे, कारण त्याचा पुष्कळसा भाग माणसाने केलेला आहे. रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअराच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना जो गाळ निघाला, त्याच्या भरावाने ही जमीन तयार झाली. समोर फोर्ट कोची. तिथे चिनी पद्धतीची मोठी जाळी आहेत. सेंट फ्रान्सिस चर्च आहे, तिथे १५२४ साली वास्को द गामाला पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. जवळच मट्टनचेरीला १५६८ सालचे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. हे सारे जवळजवळ आहे, आणि बरेचसे पायी होते. मात्र ज्यूंचा शब्बाथ शनिवारी असतो, त्या दिवशी हे प्रार्थनामंदिर पाहायला मिळत नाही. आपल्या घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. तेव्हा बंदराला लागण्याचा वार कोणता, हे घरून निघतानाच पाहावे. बंद दाराशी उभे राहिल्यावर पंचांग काढून उपयोग नाही.

घारापुरीचे नाव निघाले म्हणून आणखी एक सांगतो. गेटवेपासून होडीने सुमारे तासाभराचा प्रवास, आणि मग लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या. वर सुमारे वीस फूट उंचीचा त्रिमुखी सदाशिव आहे, त्यासाठी हे श्रम सार्थकी लागतात. पण ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याच्यासाठी. लक्षद्वीपला तर मोठे जहाज बेटापासून दूर उभे राहते आणि उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्याला नेतात. पूर्वी कोकणात बोटीने जाणाऱ्या चाकरमान्यांनाही कित्येक बंदरांवर असेच उतरावे लागे. हलत्या होडीत पाय ठेवणे तरण्यांना गंमत वाटते, सत्तरीच्या माणसाला ती धास्ती असते. शिवाय त्यात वेळही जातो. ज्याला सहल घडवायची त्याचे वय, पाय आणि ऊन सोसण्याची ताकद पाहूनच सहल घ्यावी.

आता जहाजाची सहल घ्यावी की आपली गाडी करावी? जहाजाची सहल महाग पडते. पण तिची गाडी वाटेत अडकली तर जहाज बहुधा थांबते, किंवा त्या उतारूंची पुढची सोय करते. आपण स्वतः केलेली गाडी अडकली, तर जहाज कुणासाठी थांबत नाही. म्हणून दूरचे ठिकाण असेल तर जहाजाची सहल, जवळचे असेल तर आपली गाडी किंवा आपले पाय, हे धोरण बरे. आपल्या गाडीचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे, आणि परतीची वेळ चालकाला दोनदा सांगावी.

परदेशीही नियम हाच. कॅरिबियन समुद्रात मेक्सिकोचे कोझुमेल म्हणून बेट आहे. तिथे उतरणाऱ्याला माया लोकांची जुनी नगरी तुलुम पाहण्याचा मोह होतो. पण तुलुम बेटावर नाही, समोरच्या मुख्य भूमीवर आहे. आधी दुसरी बोट, मग तासभर बस, आणि परतताना पुन्हा तेच. त्याच माया लोकांचे सान हर्वासियो नावाचे अवशेष खुद्द बेटावर आहेत, लहान पण निवांत पाहता येतील असे. तिकडे आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. भारतभर घड्याळ एकच, पण तिकडे जहाजाचे घड्याळ आणि बेटाचे घड्याळ यांत कधी कधी तासाचा फरक पडतो. परतायचे ते जहाजाच्या घड्याळाप्रमाणे.

आणि यादीत नसलेलेही विचारावे. त्रिनिदादला जाण्याचा योग आला, तर वॉटरलू या गावचे समुद्रातले देऊळ कुठे आहे ते विचारा. १८४५ पासून १९१७ पर्यंत आपल्या देशातून हजारो मजूर कराराने त्या बेटावर उसाच्या मळ्यांत गेले. त्यांतल्याच समाजातल्या शिवदास साधू नावाच्या मजुराने देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीची होती, म्हणून ते पाडले गेले आणि त्याला तुरुंग भोगावा लागला. सुटल्यावर त्याने ठरवले, समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही! त्याने दगडमाती स्वतः वाहून नेऊन किनाऱ्यापासून आत भर घातली आणि देऊळ पुन्हा उभे केले. आपल्या माणसाला वाळूत लोळण्यापेक्षा हे पाहणे अधिक काही देऊन जाईल.

आता माझ्या वडिलांची राहिलेली गोष्ट पुरी करतो. बोट सकाळी मुंबईला परतली. नागपूरची गाडी रात्रीची होती. मी दिवसभराच्या खरेदीचा बेत केला होता, तो सोडून दिला. वर्तमानपत्रात भरतीची वेळ पाहिली आणि दुपारी त्यांना हाजी अलीच्या समोर नेऊन बसवले. तिथे किनाऱ्यापासून दर्ग्यापर्यंत समुद्रातून वाट आहे. मोठ्या भरतीला ती पाण्याखाली जाते, ओहोटीला उघडी पडते. शिवाय मुंबईची भरती गोव्यापेक्षा बरीच मोठी. आम्ही गेलो तेव्हा वाट पाण्याखाली होती, लोक खोळंबले होते. वडील बसून राहिले. हळूहळू एक कड दिसली, मग ओले दगड, मग वाट, आणि माणसे चालू लागली. वडिलांनी दोनदा घड्याळ पाहिले. म्हणाले, “भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तास. पोरांना मी बरोबर शिकवत होतो.” तीन तासांत आम्ही एकच गोष्ट पाहिली. गोव्याच्या सहा ठिकाणांपैकी त्यांना आज दोन आठवत नाहीत. ही वाट मात्र ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

शिक्षक बंधूभगिनींनो, तुमच्यापैकी सर्वांनाच जहाजाचा योग येईल असे नाही. पण शाळेची सहल दरवर्षी निघते, आणि तिथेही हीच यादी आपल्यापुढे असते. एसटी ठरवायची, पहाटे चारला निघायचे, एका दिवसात सात ठिकाणे, आणि रात्री अकराला पेंगणारी पोरे पालकांच्या हवाली करायची. त्या पोराच्या बापाने दिलेली वर्गणी मजुरीतून आलेली असते. नागपूरजवळच्या शाळेने एकच रामटेक घ्यावे. वाटेत मनसरचे उत्खनन पाहावे, गडावर वाकाटकांच्या काळातली नरसिंहाची मंदिरे पाहावीत, पोरांना तिथे बसू द्यावे, चित्र काढू द्यावे, विचारू द्यावे. निघण्याच्या आधी आठवडाभर वर्गात त्या जागेची गोष्ट सांगावी, आणि एक प्रश्न जरूर करावा, “तुला तिथे काय पाहायचं आहे?”

हा प्रश्न घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही करावा. उत्तर कित्येकदा अगदी लहान असते, आणि आपल्या यादीत नसते.