कृष्णाकाठी आपले स्वागत



जुनी घरे विकत घेऊन, दुरुस्त करून पुन्हा विकणाऱ्या गुंतवणूकदारांकडे ठेकेदारांना काम कसे मिळेल, या विषयावरची परिषद आमच्या वाईत भरते आहे, याचा स्वागत समितीला मनापासून आनंद आहे. परिषद पुण्यात का नाही, असे काहींनी विचारले. बांधकाम करणाऱ्या माणसाने एकदा तरी डोळे भरून पाहावे असे हे गाव आहे, म्हणून.

उद्या सकाळी न्याहारीपूर्वी गणपती आळीच्या घाटावर जा. ढोल्या गणपतीचे दर्शन झाले की देवळाच्या मागच्या बाजूला या आणि भिंत पाहा. ती सरळ नाही, माशाच्या आकाराची आहे. कृष्णेचा पूर चढला की पाणी तिच्या टोकावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. अठराव्या शतकात रास्त्यांनी हे देऊळ बांधले. पैसा रास्त्यांचा, पण ही अक्कल गवंड्याची! वेळ मिळाला तर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाटही बघा. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे.

पण माझ्या मते वाईचे मोठे धन म्हणजे प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढे संन्यास घेतलेले स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी ती उभी केली. गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन विनोबा शिकायला आले ते त्यांच्यापाशी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांचेच शिष्य. तर्कतीर्थांमुळे मराठी विश्वकोशाचे काम वाईत चालले आणि १९७६ साली पहिला खंड निघाला. विश्वकोशाचे नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ज्यांच्या पायाशी बसून तर्कतीर्थ घडले, त्या केवलानंदांचे नाव मात्र गावातली तरुण मुलेसुद्धा घेत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. १९५५ साली स्वामीजी गेले. त्यांनी हाती घेतलेल्या मीमांसाकोशाचे खंड त्यांच्यामागेही प्रसिद्ध होत राहिले. आपल्या हयातीत पुरे न झालेले एवढे मोठे काम हाती घेणारा हा माणूस, म्हणून आपल्या परिषदेत त्यांचे स्मरण करणे मला योग्य वाटते.

आता विषयाकडे. माझे आयुष्य लाकडाच्या वखारीत गेले. पुण्या-मुंबईचे लोक इकडे घरे घेऊ लागल्यापासून वखारीत येणारा खरेदीदार मी पाहतो आहे. राहण्यासाठी घर घेणारा आधी भाव विचारतो, आणि विकण्यासाठी घेणारा आधी विचारतो, किती दिवस लागतील? त्याच्या डोक्यावर कर्जाचे व्याज चढत असते. त्याला तारीख द्या आणि पाळा. एका घराची तारीख पाळलीत, की दुसऱ्या घराला तो कोटेशन मागत बसत नाही.

असे लोक भेटतात कुठे? इस्टेट एजंटाकडे, वकिलाकडे, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर. बँकांच्या लिलावाच्या नोटिशी वर्तमानपत्रात येतात, त्या वाचत चला. त्यात मालमत्ता पाहण्याचा दिवस छापलेला असतो. बोली लागली की पाव रक्कम लगेच आणि विक्री कायम झाल्यावर उरलेली साधारणपणे १५ दिवसांत भरावी लागते. म्हणजे घेणाऱ्याने सगळा हिशोब बोलीच्या आधीच केलेला हवा. तुळईला वाळवी कुठे लागली आहे, ओल जमिनीतून चढते की कौलांतून उतरते, कडीपाटाचे किती खण वाचतील, हे पाहणीच्या दिवशी बरोबर जाऊन जो सांगेल, त्यालाच पुढचे काम मिळते. मजुरीवर घ्या नाहीतर मालासकट, पण टप्पे आणि पैसे आधी लिहून घ्या. आणि पक्की बिले द्या. घर विकल्यावर नफ्यावर कर भरताना सुधारणेचा खर्च वजा होतो, पण बिल नसेल तर तो दाखवायचा कसा? एक विनंती माझी स्वतःची. जुने सागवान निघाले तर ते जळणाच्या भावाने देऊ नका. तसे सागवान आता पैसे टाकूनही मिळत नाही.

व्यवस्थेबद्दल क्षमा मागतो. अपेक्षेपेक्षा अधिक मंडळी आल्याने काहींची सोय घरोघरी करावी लागली. आळीतले रस्ते अरुंद आहेत, म्हणून गाड्या लांब लावाव्या लागल्या आणि वडीलधाऱ्यांना चालावे लागले. सकाळी गरम पाणी सर्वांना पुरले नाही, उद्या पुरेल असे पाहिले आहे. जेवणाची दुसरी पंगत थोडी उशिरा बसेल. काही उणे वाटले तर कार्यकर्त्यांवर न रागावता थेट मला सांगावे.

तांदूळ, गूळ आणि तेल देणारे बाजारपेठेतील व्यापारी, मांडवाचे भाडे न घेणारे मंडपवाले, गाद्या देणारे कार्यालयाचे मालक, सिमेंट-विटांचे प्रात्यक्षिकाचे साहित्य पाठवणारे दुकानदार, आपल्या घरच्या खोल्या मोकळ्या करून देणाऱ्या मधल्या आळीतल्या आणि गंगापुरीतल्या गृहिणी, पहाटेपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायाबापड्या आणि नाव जाहीर न करण्याच्या अटीवर मोठी रक्कम देणारे दोन सद्गृहस्थ, या सर्वांचे ऋण समितीवर आहे.

अध्यक्षांनी परिषदेचे कामकाज सुरू करावे, अशी त्यांना विनंती करतो.